खुंटा

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात
लाद्यांचा हिशेब मी लिहितो.
रात्री साडेनऊला एक गोळी. अकरा वर्षं.
तिच्यामुळे वजन वाढलं, सकाळी जीभ जड,
बाकी तक्रार नाही.

शिमग्याच्या सुट्टीत सर्वेश आला हरमलहून,
पाकिटाच्या आतल्या कप्प्यात नखाएवढे कागद घेऊन.
प्रत्येकावर एक मासा छापलेला,
इतका बारीक की खवलं मोजता येऊ नयेत.
सागरेश्वरच्या सुरूंमागे आम्ही चौघे बसलो.
गोळीचं मी कुणाला सांगितलं नव्हतं.
सर्वेशला वाटायचं, मी नुसता मंद आहे.

तासाभरात नंदन वाळूत हात घालून हसायला लागला,
म्हणाला, वाळू श्वास घेते आहे.
सर्वेश लाटांचे रंग सांगत होता,
मराठीत नसलेले.
"तुका काय दिसता?"
"दर्या."
"आणि?"
"होडी एक. इंजिन बंद पडलेली."

खरंच तेवढंच होतं.
जिभेवर कागदाची चव, पायाला मच्छर.
मी दोन तास वाट पाहिली,
पावसात एस्टीची पाहतात तशी.

मग रुझार ओरडला.
समुद्र आपल्याला हाक मारतोय, म्हणाला,
बापाच्या आवाजात.
बाप त्याचा सहा वर्षांपूर्वी बुडालेला.
तो पाण्याकडे धावला आणि बाकीचे दोघे
आपापल्या रंगांत बसून राहिले.
शुद्धीवर असलेला मी एकटा.
गंमत बघा.

मला तो रस्ता ठाऊक होता.
अकरा वर्षांपूर्वी मला कागद लागला नव्हता.
माडाच्या झावळ्या माझं नाव घेत,
दीपगृहाचा झोत माझ्याच खिडकीत थांबे,
आणि बातम्या वाचणारी बाई मध्येच गप्प होई,
मी ऐकतोय हे तिला कळल्यामुळे.
हे लोक पैसे देऊन जिथे जातात
तिथून मला दोरीनं बांधून आणलं होतं.

कमरेएवढ्या पाण्यात मी रुझारला धरलं.
खोटं आहे, असं म्हणालो नाही.
मला कुणी म्हणे तेव्हा मी अजून आत जाई.
म्हणालो, "आयकतंय मी पण. चल, वर बसान आयकूया."
खिशात माझ्या गोळ्यांची पट्टी होती.
हात दोनदा तिच्यापर्यंत गेला.
दिली नाही. रिक्षा केली.
सरकारी दवाखान्यात केरकर सिस्टरनं इंजेक्शन दिलं
आणि कुणाचंही नाव न विचारता
पंखा त्याच्याकडे वळवला.

पुढच्या सोमवारी कुडाळला डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं.
त्या चिडल्या. दुसऱ्या एखाद्या गोळीवर असतास
तर झटके आले असते, म्हणाल्या.
मग जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर धक्का काढला,
धक्क्यावर खुंटे.
हे सेरोटोनिनचे. तो कागद येतो तो इथेच दोर टाकायला.
पण तुझ्या गोळीची होडी आधीच बांधलेली,
इंजिन बंद, दिवा नाही, माल नाही,
नुसती जागा अडवून.
दिव्यांची लाँच बिचारी बाहेर फेऱ्या मारते,
डिझेल संपेपर्यंत.

चिठ्ठी मी घडी करून वहीत ठेवली.
लाद्यांच्या आकड्यांमध्ये ती अजून आहे.
एवढंच विचारायचं राहिलं
की त्या खुंट्याला आणखी काय काय बांधायचं असतं.
देवळात इतर लोक डोळे मिटतात तेव्हा येतं ते?
शकूचं लग्न ठरलं तेव्हा मला रडू आलं नाही,
ते बाहेर फेऱ्या मारत होतं का?

परवा सर्वेशचा फोन. कुणीतरी त्याला सांगितलंय.
"आठ दिवस गोळी चुकव रे. मग बघ."
मी म्हटलं, बर्फाची गाडी आली, ठेवतो.
गाडी आली नव्हती.

रुझार आता बंदरावर येतो, जाळी शिवतो,
माझ्याकडे बघून मान खाली घालतो.
साडेनऊला मी गोळी घेतो.
खिडकीतून दीपगृहाचा झोत येतो, जातो,
कुणासाठीही थांबत नाही.
मी मोजतो अजून.